दोनशेत केलं की!

शिव शिव! साताऱ्याच्या राजवाडा चौपाटीवर हल्ली काय उभं असतं, बघितलंत का? मूळ देह टीव्हीएस एक्सएलचा. कालपरवापर्यंत जिच्यावरून एका खेपेत वैरणीचा भारा, दुधाच्या दोन किटल्या आणि वर तोल सांभाळणारे आजोबा असं सगळं घरी पोचायचं, तीच ही. आता तिला तपकिरी रेक्झिनचं चौकडीच्या शिलाईचं सीट. हँडलच्या दोन्ही टोकांना बशीएवढे आरसे, ज्यात मागचा ट्रक सोडून सगळं दिसतं, मुख्यतः चालवणाऱ्याचे केस. पुढे पिवळ्या काचेचा दिवा. टाकीला बिनचमकीचा काळा रंग. मागचं मडगार्ड निम्मं कापून टाकलेलं, त्यामुळे पावसाळ्यात चिखलाची रेघ थेट मानेपर्यंत. भोवती पाच-सात पोरं, आणि त्यातला एक जवळजवळ लोटांगण घालून खालच्या बाजूनं तिचा फोटो काढतोय. बेंदराला बैलाची शिंगं रंगवून, झूल घालून, गोंडे बांधून मिरवतात, तसा सगळा थाट. फरक इतकाच की बेंदराच्या दिवशी बैलाला जुंपत नाहीत, हिला मात्र मिरवून झालं की पहाटे डेअरीला पळावंच लागतं.

इथवर ठीक म्हणू. पोरांची हौस आहे, चालायचंच. पण खरी अब्रू जाते ती पुढच्या वाक्याला. कुणीतरी विचारतं, "कितीला पडलं रं हे?" आणि पठ्ठ्या मानही न वळवता सांगतो, "काय नाय, दोनशेत केलं की."

दोनशेत! अहो, दोनशेत त्याच चौपाटीवर चार माणसं पोटभर खात नाहीत.

आपल्याकडे थाप मारायची एक रीत होती. लग्नात पाचशे पान उठलं की गावात हजाराची बात व्हायची. बैल पन्नास हजारांचा असला की पारावर पाऊण लाखाचा व्हायचा. खोटं बोलायचं ते वरच्या अंगानं, त्यात काही इभ्रत होती. या बारक्या गाड्यांच्या नादानं ती रीतच उलटी केली. एकानं आरसे तीनशेला सांगितले की दुसरा तेच दीडशेत आणल्याचं सांगतो. तिसरा म्हणतो भंगारात मिळाले, फुकट. चौथ्याला आता काही उरलेलंच नसतं, तर तो म्हणतो की दुकानदारानंच वर चहा पाजला. जो सगळ्यात कमी सांगेल तो कट्ट्यावर सगळ्यात मोठा. आणि सोय बघा कशी आहे. पूर्वी बापाला एक आकडा आणि मित्रांना दुसरा सांगावा लागायचा, मग कधीतरी दोघं एकत्र भेटायचे आणि घोटाळा व्हायचा. आता घरी बोलणी बसू नयेत म्हणून दोनशे, बाहेर भाव खायचा म्हणूनही दोनशे. एकच थाप दोन्हीकडे चालते. काटकसर म्हणतात ती हीच असावी.

खरं काय ते फक्त एका ठिकाणी लिहिलेलं असतं, गॅरेजवाल्याच्या वहीत. पुठ्ठ्याची, पानापानावर ग्रीसचे अंगठे उमटलेली, सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधलेली वही. तिच्यात पोराचं नाव नसतं. वर नुसतं "एक्सेल, सरांचा मुलगा". खाली ओळीनं आरसे जोड ३५०, दिवा ४५०, वायरिंग मजुरी २००, ग्रिप ८०, सीट ९००, टाकी रंग ६००, रेडियम १५०. मग रेघ. एकूण २७३०. जमा ५००. बाकी २२३०, आणि त्यापुढे बारीक अक्षरात "पगार झाल्यावर". पगार कुणाचा, हे सरांना अजून माहीत नाही.

आता साताऱ्यानं असं वागावं याचंच जास्त वाईट वाटतं. हे गाव दुचाकीच्या बाबतीत खानदानी. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत "प्रिया" स्कूटर जन्माला आली. दीडशे सीसीची, पत्र्याच्या भरल्या अंगाची, नंबर लावून वाट बघायला लावणारी. प्रिया दारात आली की पेढे वाटले जायचे, आणि तिला कुणी स्क्रूड्रायव्हर लावला तर घरातली मोठी माणसं जेवायची थांबत. त्याच गावात आज पोरं प्रियाकडे ढुंकून बघत नाहीत. त्यांना हवी लूना. हवी एमएटी, म्हणजे बजाजची एम-८०. हवी कॉलेजच्या मुली चालवायच्या ती सनी. म्हणजे आपण ज्या गाड्या स्कूटर परवडत नाही म्हणून मुकाट घेतल्या, त्याच यांना "क्लासिक" म्हणून हव्यात. कायनेटिकची लूना १९७२ ची, इटलीच्या पियाजिओच्या चाओवरून बेतलेली, पन्नास सीसीची. तिला सायकलसारखी पायडलं होती. पेट्रोल संपलं की मास्तर लोक मान खाली घालून पायडल मारत घरी जायचे, आणि ओळखीचं कुणी दिसलं की व्यायामाचं निमित्त सांगायचे. आज तीच पायडलं चकचकीत करून घेतात आणि ती आहेत याचाच दिमाख दाखवतात. एमएटी तर सरळ गवळ्याची गाडी. हँडललाच गियर, दोन्ही अंगाला कॅन, मागं धूर. सांगली जिल्ह्यात भिलवडीकडच्या दुधाच्या रस्त्यांवर तिनं हाडं झिजवली. तिच्या कॅनच्या हुकांना आता पोरं कातडी पिशव्या अडकवतात. पिशव्या रिकाम्या असतात, हे मी स्वतः बघितलं आहे.

पण सातारा आणि सांगली यांचा नाद एक असला तरी पंथ वेगळे आहेत, आणि या भांडणात कऱ्हाडकर दोन्हीकडचं ऐकून घेऊन दोघांनाही भडकवतात.

सातारकराचं दुखणं चढ. घरातून निघालं की बोगदा, पुढे यवतेश्वरचा घाट, वर कास. एक्सएलला गियर नाहीत, आपोआप पकडणारा क्लच आणि एकच वेग. एकटा माणूस असेल तर ती कुरकुरत का होईना चढते. मागं मित्र बसला की तो पहिल्याच वळणावर उतरून चालायला लागतो. म्हणून साताऱ्यात चर्चा चेनसेटची. पुढच्या बारक्या चक्राला एक दात कमी करायचा. चौदाच्या जागी तेरा केले तर ओढ साधारण सात-आठ टक्क्यांनी वाढते, आणि सपाटीवरचा पळ तेवढाच मार खातो. होंडाच्या नावीवाल्यांचं शास्त्र निराळं, कारण तिच्या पोटात स्कूटरसारखा पट्टा. ते व्हेरिएटर उघडून आतले रोलर हलक्या वजनाचे टाकतात, म्हणजे इंजिन चढाला वरच्या फेऱ्यांवर राहतं आणि दम सोडत नाही. काही झालं तरी याला पैसे थोडे लागतात आणि फरक पायाखाली कळतो. सातारकराला मी इतपत मार्क देईन. मात्र चढायची सोय केलेला हाच शहाणा उतरताना मागच्या झिजलेल्या ब्रेकवर आणि वरच्या भैरोबावर भरवसा ठेवतो, ते कुठं बोलायचं!

सांगलीत चढ कुठला? आयर्विन पुलावर चढलं की गिर्यारोहण झालं. त्यामुळे सांगलीकराला ओढीची काळजी नाही. त्याला काळजी विश्रामबागेच्या चौकात आपल्याकडे कोण बघतंय याची. सांगलीचा पंथ दिव्यांचा आणि आवाजाचा. चाकांच्या तारांत रंगीत नळ्या, नंबरप्लेटखाली निळा उजेड, सीटखाली लाल उजेड. रात्री दुरून येताना मांडवच चालत आल्यासारखा वाटतो. यात एक गंमत त्यांनी कुणाला सांगितलेली नाही. जुन्या लूना-एमएटीचा दिवा मॅग्नेटवर चालतो. ॲक्सिलेटर पिळला की लख्ख, सोडला की पणती. त्या वायरीवर सरळ एलईडी लावली तर ती फडफडते आणि आठवडाभरात राम म्हणते. मध्ये रेग्युलेटर-रेक्टिफायरची डबी बसवावी लागते, छोटी बॅटरी असली तर उत्तम. डबी दिसत नाही, म्हणून तिच्यावर पैसे घालायला पोरं कचरतात आणि महिन्याला नवी एलईडी आणतात. ती "दोनशेत".

सांगलीचा आणखी एक प्रकार ऐकून तर मला घाम फुटला. सायलेन्सरचं तोंड पाठीमागं वर वळवून घेतात. कारण विचारलं तर गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "पुराची सोय." आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ आणि २०१९ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांच्यापुढे हे बोलायला जीभ कशी रेटते? त्या पाण्यात घरांचे पहिले मजले गेले, आणि हा चार बोटं वर वळलेल्या नळीनं वाचणार आहे.

आता सायलेन्सरचा विषय निघालाच आहे तर तो पुरताच काढू, कारण सगळ्या खुळाचं मूळ तिथंच आहे. पुंगळी! सायलेन्सरच्या पोटातली ती भोकाभोकांची नळी. ती काढली की बुलेट फटाके फोडते, हे पोरांनी बघितलंय, म्हणून लूनाचीही पुंगळी काढायची. बुलेटचं एक वेळ समजू. टू-स्ट्रोक गाडीचा सायलेन्सर मात्र नुसता आवाज दाबायला नसतो. त्याच्या पोटाचा आकार मोजूनमापून ठेवलेला असतो. जळका वायू बाहेर पडताना जी दाबाची लाट उठते ती तिथून परत येते आणि सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण आत रेटते. पुंगळी काढली की ती घडीच विस्कटते. मग होतं काय, तर आवाज वाघाचा, ओढ शेळीची, आणि पेट्रोल मात्र वाघ पितो तेवढं. शिवाय शेजारच्या आजींना दुपारची झोप नाही, त्यामुळे आजींना पोराच्या सात पिढ्यांची आठवण येते.

याच्या उलट एक काम आहे, त्याला खरोखरच दोनशे लागत नाहीत. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबर जळतं, त्याची काजळी वर्षानुवर्षं पुंगळीवर साचते, भोकं बुजतात, आणि गाडी दम्याच्या पेशंटसारखी चालते. जुना मिस्त्री ती पुंगळी ओढून काढतो, लाल होईपर्यंत जाळतो, पान्यानं दोन ठोके देतो. काळी खपली भुकटी होऊन फरशीवर पडते आणि खालची भोकं पुन्हा दिसायला लागतात. मग सायलेन्सरच्या तोंडाची आणि सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टची काजळी खरवडायची, प्लग साफ करून पट्टीनं फट जुळवायची, कार्बोरेटर सोडून जेटमधून फुंकर मारायची. दुपारभराचं काम. गाडी पोरासारखी पळायला लागते. पण हे करायला आलेलं पोर मिस्त्रीकडे खालच्या मानेनं येतं आणि कुणाला सांगत नाही. कारण बघायला त्यात आहे काय? ब्रेकच्या नव्या लायनरचा फोटो कुणी स्टेटसला ठेवल्याचं ऐकलंय कधी? मागच्या चाकाचं बेरिंग बदललं म्हणून कुणी पार्टी दिलीय? टायर गुळगुळीत झालेला असतो, त्यावर बोट फिरवलं तर आतला कापडी थर हाताला लागेल, आणि त्याच टायरच्या कडेला पांढऱ्या रंगानं अक्षरं रंगवलेली. कोण रंगवतं? ज्याच्याकडे टायरला पैसे नाहीत तोच. माझं स्पष्ट मत आहे की पहिली नोट ब्रेकला, दुसरी टायरला, तिसरी काजळीला, आणि मग उरलंच काही तर आरशांना. हे मत मी एकदा कट्ट्यावर बोलून दाखवलं. एक पोरगा नम्रपणे म्हणाला, "काका, तुमी लई खर्च सांगताय."

कायद्याचं तर नावच काढू नका. मोटार वाहन कायद्याच्या १८२-अ कलमात मालकानं परवानगीशिवाय गाडीत केलेल्या फेरफाराला शिक्षा सांगितली आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि दंड गाडीमागं नाही, फेरफारामागं. आता चौपाटीवरच्या त्या नटलेल्या गाडीच्या अंगावरचे फेरफार बोटांवर मोजा आणि पाच हजारांनी गुणा. दोनशेच्या हौसेला केवढं हे व्याज! ज्या गाडीला पंधरा वर्षं उलटली तिचं पासिंग नव्यानं करायचं, हरित कर भरायचा, हे तर आणखी वेगळं. काही लूनांच्या बाबतीत गाडी कमी किमतीची आणि तिचे कागद जास्त किमतीचे अशी स्थिती आहे.

पोरांच्या जिव्हारी लागलं ते मात्र हे कलम नव्हे. लागली ती नवी नंबरप्लेट. ४१४१ चा "दादा", २१४ चा "राम", ८०५५ चा इंग्रजी "बॉस", काय एकेक कलाकुसर होती! रेडियमवाल्यांची दुकानं त्यावर चालायची. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही सरकारनं एचएसआरपी नावाची ही प्लेट सक्तीची केली. दुचाकीला जीएसटी सोडून साडेचारशे रुपये, सगळ्यांना एकच अक्षर, एकच आकार, वर होलोग्राम. प्लेट बसली की एका दिवसात दादा पुन्हा एकेचाळीस-एकेचाळीस. मुदतीवर मुदती वाढत गेल्या तेवढे दिवसच काय ती दादागिरी टिकली.

या सगळ्याला फूस कुणाची म्हणाल, तर मी बोट दाखवीन देवराष्ट्र्याकडे. रागानं नव्हे, कौतुकानं, पण दाखवीन. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातलं, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टासाठी भंगारातले भाग जमवून चारचाकी छोटी जीप उभी केली. दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी, खर्च साधारण ६० हजार. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांपर्यंत पोचला, आणि त्यांनी ती घेऊन बदल्यात नवी कोरी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो मिळालीसुद्धा. लोहारांच्या हातात पिढीजात कसब, त्यांचं काम कामच होतं. पण गावोगावच्या आयांना काय भोगावं लागलं, विचारा! "आई, आरशाला तीनशे दे." "कशाला रं?" "महिंद्रासाहेब बघतील की." एक आरसा बसवायचा आणि बोलेरोची वाट बघायची. वर्षं लोटली, अंगणं अजून रिकामी आहेत.

श्रीमंतांचा चाळा याहून निराळा. त्यांच्याकडे वाढदिवसाला गुडघ्याएवढी पॉकेट बाइक येते, एकोणपन्नास सीसीची, बारा वर्षांच्या चिरंजीवांसाठी. चिरंजीव ती बंगल्याच्या आवारातून हळूच गल्लीत काढतात. सोळा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय पन्नास सीसीचंही लायसन मिळत नाही, आणि अल्पवयीन पोर सापडलं तर पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, हे तीर्थरूपांना कुणीतरी कानात सांगायला हवं. सांगणार कोण, केक अजून संपलेला नाही.

बरं, हे खूळ आपल्याच मातीत उगवलं म्हणावं तर तसंही नाही. जपानात होंडानं १९६१ मध्ये तामा टेक नावाच्या करमणूक बागेसाठी मुलांना बसायला बारकी गाडी केली. तिच्यावर मोठी माणसं बसली की माकडासारखी दिसायची, म्हणून पुढं "मंकी" हेच नाव पडलं. आणि नावीची कथा तर चटकाच लावते. २०१६ मध्ये होंडानं ती आपल्याकडे आणली, ॲक्टिव्हाच्या घराण्यातलं इंजिन, पुढे बारा इंची आणि मागे दहा इंची चाक, दिल्लीत शोरूमची किंमत ३९,५०० रुपये. आपण नाक मुरडलं. धड मोटरसायकल नाही, धड स्कूटर नाही, मधल्या डब्यात काय ठेवायचं, असे शंभर प्रश्न काढले. ती इथून बंद झाली आणि अमेरिकेत जाऊन बसली. तिकडचे लोक आता तिच्या रोलरचं वजन कमी करण्यावरून रात्र-रात्र वाद घालतात. म्हणजे यवतेश्वरच्या चढाचं दुखणं तिकडंही आहे. आणि आपली पोरं इथं जुनी नावी शोधत फिरतात. मालक भाव सोडत नाहीत, आणि घेणारा घेऊन आला की कट्ट्यावर सांगतो, "पडूनच होती वो, चहावर दिली."

आता शेवटची बातमी. फेब्रुवारी २०२४ मध्ये लूना परत आली, ई-लूना म्हणून, विजेवर. परवा एकानं घेतली. सगळा कट्टा जमला. खाली वाकून बघितलं, मागून बघितलं, आडवी करून बघितली. सायलेन्सरच नाही! काजळी नाही, पुंगळी नाही, काढायचं काय आणि वाजवायचं काय? पोरं अर्धा तास सुतकात बसली. मग त्यातल्या एकानं मोबाइल काढून ब्लूटूथच्या स्पीकरचे भाव बघायला सुरुवात केली. दोनशेत बसतोय म्हणाला.